बदकाच्या पोटाची खबर

बदक घरी आलं की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न उभा राहतो, 'याला जुलाब तर लागले नाहीत ना?' आधी कुत्रा, मांजर किंवा पोपट पाळलेल्या घराला तर हा प्रश्न हमखास पडतो. कारण बदक दिवसभर जागोजागी घाण करतं, ती पातळ असते आणि तिचा रंग सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. मग कुणी जायफळ उगाळून चोचीत घालतं, कुणी मुलांच्या औषधातली उरलेली गोळी पाण्यात विरघळवतं. ठणठणीत पक्ष्याच्या पोटात नको ते औषध जातं. याच्या उलटही घडतं. 'बदकाची शीट पातळच असायची' असं म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि खरोखर आजारी असलेलं बदक दोन दिवसांत मान टाकतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. निरोगी बदकाची विष्ठा कशी असते, हेच आपण नीट पाहिलेलं नसतं. विषय जरा किळसवाणा वाटेल, पण बदक पाळणाऱ्याला तो टाळून चालत नाही. पक्षी आपला आजार लपवतो. कळपात जो दुबळा दिसेल त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो, म्हणून अशक्तपणा उघड न करण्याची पक्ष्यांची उपजत वृत्ती असते. बदक पंख फुगवून कोपऱ्यात बसलेलं दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. विष्ठेतला बदल मात्र पुष्कळदा त्याआधीच दिसू लागतो.

नेहमीची विष्ठा कशी असते?

पक्ष्यांना मूत्राशय नसतं. आतड्यातून येणारा मळ, मूत्रपिंडातून येणारा पांढरा भाग आणि पाणी हे तिन्ही एकाच मार्गाने, एकदमच बाहेर पडतं. म्हणून निरोगी बदकाच्या विष्ठेत तीन गोष्टी दिसतात. तपकिरी किंवा हिरवट रंगाचा मऊ मळ, त्यावर खडूसारखी पांढरी टोपी आणि भोवती स्वच्छ पाणी. पांढरा भाग म्हणजे युरिक आम्लाचे क्षार. माणूस जे लघवीतून टाकतो, ते पक्षी असं घट्ट स्वरूपात टाकतो.

बदक हा पाणपक्षी. खाण्याच्या प्रत्येक दोन घासांमागे तो पाण्यात चोच बुडवतो. त्यामुळे त्याच्या विष्ठेत कोंबडीच्या विष्ठेपेक्षा पाणी जास्त असतं आणि ती जमिनीवर पसरते. एवढ्यावरून तिला जुलाब म्हणायचं नाही. तासाभरात ती अनेकदा पडते, हेही नेहमीचंच आहे.

आणखी एक प्रकार पाहून नवखी मंडळी दचकतात. दिवसातून काही वेळा बदक काळपट तपकिरी, चिकट, काकवीसारखी आणि भयंकर वासाची शीट टाकतं. बदकाच्या आतड्याला शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात. न पचलेला चोथा तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबतो आणि अधूनमधून त्या पिशव्या रिकाम्या होतात. ही विष्ठा त्या पिशव्यांतली. ती दिसली तर काळजी नको, उलट पोट नीट चाललं आहे असं समजावं.

घाबरू नये असे बदल

पालक, कोथिंबिरीच्या काड्या, अझोला किंवा गवत भरपूर खाल्लं की विष्ठा हिरवी होते. बीट दिलं तर लालसर, कलिंगड दिलं तर गुलाबी पाण्यासारखी. चिखलात चोच खुपसून दिवस घालवला तर काळपट. असा रंग दिसला की आधी आठवावं, कालपासून याने काय खाल्लं? तो पदार्थ बंद करून दुसऱ्या दिवशी पाहावं. कारण खाण्यातलं असेल तर रंग परत जागेवर येतो.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बदक जास्त पाणी पितं, तेव्हा विष्ठा जास्त पातळ होते. बाजारातून टोपलीत घालून आणलं, गाडीतून प्रवास घडवला, कुत्रा अंगावर धावून गेला, तरीही काही तास पातळ शीट पडते. बदक शांत झालं की पोटही शांत होतं.

अंड्यांवर बसलेल्या मादीचं वागणं सगळ्यात चमत्कारिक. घरटं घाण होऊ नये म्हणून ती विष्ठा तासन् तास धरून ठेवते आणि दिवसातून एकदोनदा उठून एकदम भलामोठा, असह्य वासाचा गोळा टाकते. बदकाची अंडी साधारण २८ दिवसांनी फुटतात. तोवर हेच चालायचं. मात्र ती रोज उठते ना, खाते-पिते ना, यावर लक्ष हवं.

रंग काय सांगतो?

बदक खात नाही आणि तरी विष्ठा गडद, चकचकीत हिरवी आहे, ही सर्वांत महत्त्वाची खूण. पक्ष्यांचं पित्त हिरवं असतं. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्तच बाहेर येतं. पालक खाऊन आलेला हिरवा रंग आणि उपाशीपोटीचा हिरवा रंग यांतला फरक बदकाकडे बघून कळतो. पहिलं बदक अंगणभर हिंडत असतं, दुसरं बसून राहिलेलं असतं. उपाशीपोटीची हिरवी शीट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पांढऱ्या भागाला पिवळी किंवा हिरवी झाक आली तर यकृताचा त्रास असू शकतो. मळ जवळजवळ नाहीच, नुसतं पांढरं पाणी पडतंय, तर बदक खात नाही किंवा मूत्रपिंडावर ताण आहे असा संशय घ्यावा.

ताजं लाल रक्त दिसलं तर वाट पाहू नये. पिल्लांत ते कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींमुळे येऊ शकतं. कोंबड्यांपेक्षा बदकांत हा रोग कमी दिसतो, पण दाटीने, ओल्या तुसावर ठेवलेल्या पिल्लांना होतो. मोठ्या मादीत अंडं देताना झालेल्या इजेमुळेही रक्त येतं. विष्ठा डांबरासारखी काळी असेल आणि बदकाने चिखल, कोळसा असं काही खाल्लेलं नसेल, तर आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

विष्ठेत सबंध धान्य दिसलं तर पचन अपुरं आहे. पक्ष्याला दात नाहीत. कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर जो 'पेटा' मिळतो, तो पक्ष्याचा जातं. त्यात गिळलेले बारीक खडे असतात आणि त्यांच्यावर धान्य भरडलं जातं. गच्चीत किंवा फरशीवर वाढणाऱ्या बदकाला खडे मिळतच नाहीत. एका वाटीत स्वच्छ धुतलेली जाड वाळू ठेवली तर ते हवी तेवढी उचलतं. वाळू देऊनही सबंध दाणे पडत राहिले तर जंत किंवा आतड्याची सूज यांची तपासणी करून घ्यावी.

मादी शेपटी वरखाली करत कुंथते आहे, पण विष्ठाही पडत नाही आणि अंडंही नाही, ही तातडीची वेळ. अंडं आत अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्याच्या टबात तिला बसवून आराम द्यावा, पोट दाबू नये आणि लगेच दवाखान्यात न्यावं.

खिळा, स्क्रू आणि शिसं

बदकाला चकाकणाऱ्या वस्तूचा मोह फार. चिखलात चोच चाळवताना जे कडक लागेल ते ते गिळतं. घरात सुतारकाम झालं, जाळी बसवली, विजेची वायर ओढली की खाली पडलेले खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे त्याच्या पोटात जातात. त्या जात्यात धातू झिजत राहतो. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या, जुन्या रंगाचे पोपडे आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचे तुकडे विषारी ठरतात. अशा बदकाची विष्ठा हिरवी होते, पंख लोंबतात, पाय लटपटतात, वजन झपाट्याने उतरतं. वरून याचं निदान होत नाही, एक्स-रे लागतो. म्हणून घरात काम झालं की झाडू मारण्यावर न थांबता, दोरीला लोहचुंबक बांधून अंगणात फिरवावं. शिसं आणि तांबं मात्र चुंबकाला चिकटत नाही, ते डोळ्यांनीच शोधावं लागतं.

बुरशीची पेंड

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाच्या आसपास पिल्लं अचानक मेली. बदकांची पिल्लंही त्या तडाख्यात सापडली. रोग कोणता, ते सुरुवातीला कुणालाच कळेना. शोध घेताना कारण सापडलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने एक विष तयार केलं होतं. पुढे त्याला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव पडलं. हे विष यकृतावर घाव घालतं, आणि पाळीव पक्ष्यांत बदकाचं पिल्लू त्याला सर्वांत लवकर बळी पडतं.

आपल्याकडे ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेंगदाणा पेंड आणि मक्याचा भरडा हा आपला नेहमीचा खुराक, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत पोत्याला ओल लागतेच. बुरशी उन्हात वाळवली किंवा वरचा थर काढून टाकला तरी विष उरतं. शिजवूनही ते पुरतं जात नाही. म्हणून खाद्य एका वेळी पंधरा दिवसांचंच आणावं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा. कुबट वास आला किंवा गठ्ठे दिसले तर ते खाद्य सरळ फेकून द्यावं. 'आपल्याला नको, बदकाला घालू' या हिशेबात जनावरं आणि पक्षी नाहक मरतात.

काय देऊ नये?

शिळी पोळी, पाव आणि भात यांवर बदक जगतं, पण धड वाढत नाही. पोट भरतं, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळत नाहीत. चिवडा, फरसाण, पापड, लोणचं हे खारट पदार्थ अजिबात नकोत. जास्त मिठाने तहान वाढते, विष्ठा पाण्यासारखी होते आणि प्रमाण फार झालं तर पक्षी दगावतो. दूधही देऊ नये. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. चॉकलेट आणि अवाकाडो ही दोन्ही पक्ष्यांना विषारी आहेत.

चांगला खुराक म्हणजे बदकाचं किंवा कोंबडीचं साधं, औषध न मिसळलेलं तयार खाद्य, जोडीला चिरलेला पाला, अझोला, गोगलगायी, गांडुळं. अंडी देणाऱ्या मादीला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. खाद्याशेजारी नाकपुड्या बुडतील एवढ्या खोल भांड्यात पाणी हवंच. कोरडं खाद्य पाण्याविना घशात अडकतं.

पिल्लांची गोष्ट

आठवड्याच्या बाजारात टोपलीतली पिवळीधमक पिल्लं पाहून मुलं हट्ट धरतात आणि आपण एक-दोन पिल्लं घेऊन येतो. चार दिवसांनी पिल्लू मरतं. मूल रडतं, घरात कुणालाच कारण कळत नाही. बहुतेक वेळा कारणं साधी असतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. ती पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत न्यायची. आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लाच्या पिसांना तिच्या अंगचं तेल लागतं. आईविना आलेल्या पिल्लाला टबात पोहायला सोडलं तर ते भिजून गारठतं. गारठलेल्या पिल्लाचं पचन थांबतं, शीट पातळ होते आणि गुदद्वाराशी सुकून घट्ट बसते. कधी कधी त्याने मार्गच बंद होतो. अशा वेळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ती हलकेच मऊ करून काढावी, ओढू नये. मग पिल्लू कोरडं करून दिव्याच्या उबेत ठेवावं.

बदकाच्या पिल्लाला नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. खाद्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट मिसळण्याचा सल्ला डॉक्टर देतात. आणि एकटं पिल्लू आणूच नये. बदक कळपातला जीव आहे. एकटं पडलं की ओरडून ओरडून थकतं आणि खाणं सोडतं.

शंका आली तर घरी काय करावं?

आधी त्या बदकाला इतरांपासून वेगळं, उबदार आणि आडोशाच्या जागी ठेवावं. खाली पांढरा कोरा कागद किंवा जुनी धुतलेली चादर अंथरावी. चिखलात आणि गवतात रंग कळत नाही, पांढऱ्यावर लगेच कळतो. काही तासांत किती वेळा शीट पडली, कशी पडली, बदकाने किती खाल्लं, किती पाणी प्यायलं, हे वहीत लिहावं. भाजीच्या काट्यावर वजन करावं. छातीच्या मधलं हाड बोटांनी चाचपावं. ते सुरीच्या धारेसारखं लागलं तर बदक बरेच दिवस खंगत होतं असं समजावं.

स्वच्छ पाणी सतत समोर असू द्यावं, पण चोच उघडून पाणी किंवा औषध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या आणि उरलेली प्रतिजैविकं देऊ नयेत. नेमका रोग दबतो, निदान अवघड होतं आणि औषधाचा अंश अंड्यातून आपल्याच पोटात येतो. कोंबड्यांचं औषधी खाद्यही विचारल्याशिवाय नको. बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं, त्यामुळे औषधही प्रमाणाबाहेर जातं, शिवाय त्यातली काही औषधं बदकाला मानवत नाहीत.

बदक खातंय, हिंडतंय आणि फक्त शीट पातळ आहे, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. पण खाणं बंद, रक्त, उपाशीपोटीची हिरवी शीट, लोळलेली मान, लटपटते पाय, धाप यांपैकी एक जरी दिसलं तरी थांबू नये.

डॉक्टरकडे जाताना ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत न्यावा. तो काही तासांच्या आतला असावा आणि वाटेत उन्हात राहू नये. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया त्यातच दिसतात. बरोबर आपली वही आणि खाद्याची मूठभर पुडीही न्यावी. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय, ठिकठिकाणची पशुवैद्यक महाविद्यालयं आणि तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना ही चौकशीची ठिकाणं. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनाही जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडून जवळच्या दवाखान्याचा पत्ता मिळेल.

साथीचे रोग

एक बदक आजारी पडणं वेगळं आणि एकापाठोपाठ एक पडणं वेगळं. पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळातल्या कुट्टनाड भागात बदकांचे मोठे कळप असतात आणि तिथले पाळणारे दोन रोगांना फार भितात. एक बदकांचा प्लेग. यात हिरवट पाण्यासारखी हगवण लागते, पापण्या चिकटतात, उजेड सोसत नाही, कधी नाकातोंडातून रक्त येतं आणि पटापट मरतूक होते. याला लस आहे आणि ती साधारण ८ ते १२ आठवड्यांच्या वयात टोचतात. घरात चार-सहा बदकं असतील तरी लसीची चौकशी करावी. दुसरा बर्ड फ्लू. भारतात तो प्रथम आढळला २००६ साली, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, कोंबड्यांत. २०१४ च्या नोव्हेंबरात केरळच्या अलप्पुळ भागातल्या बदकांना त्याने गाठलं आणि नंतरच्या वर्षांतही तो तिथे पुन्हा आला. बदकाच्या अंगात हा विषाणू कधी कधी काहीच लक्षण न दाखवता राहतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो.

एकदम दोन-तीन पक्षी मेले तर त्यांना उघड्या हातांनी उचलू नये, चिरू नये, नाल्यात टाकू नये. पशुसंवर्धन खात्याला कळवावं. नमुन्यांची अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. लपवाछपवीने आपलं नुकसान वाचत नाही, शेजारच्यांचं मात्र वाढतं.

मुलं आणि स्वच्छता

निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. बदकाला काही होत नाही, लहान मुलाला मात्र ताप, उलट्या आणि जुलाब होतात. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर स्त्रिया यांनी विशेष जपावं. बदकाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, त्याची पापी घ्यायची नाही आणि त्याच्या शेजारी बसून खायचं नाही, हे नियम मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावेत. बदकाची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत. अंडी आतला बलक घट्ट होईपर्यंत शिजवावीत.

टबातलं पाणी रोज बदलावं. ते झाडांना उत्तम, पण कोथिंबीर, पालक अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांवर ओतू नये. विष्ठेचं आधी खत होऊ द्यावं. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात एखादा उंदीर किंवा मासा मरून कुजला तर लगेच काढावा. तिथे वाढणाऱ्या जंतूंचं विष पोटात गेलं की बदकाची मान लुळी पडते. विष्ठेने माखलेल्या पिसांवर माशा बसून अळ्या पडतात, म्हणून शेपटीखालचा भाग आठवड्यातून एकदा तरी पाहावा.

हे सगळं वाचून बदक पाळणं म्हणजे डोकेदुखी असं वाटायला नको. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर आधी बदकाकडे आणि मग जमिनीकडे पाहायचं, एवढीच सवय लावून घ्यायची. घरातल्या एखाद्या मुलाकडे ते काम सोपवलं आणि वही त्याच्याच हाती दिली तर ते आवडीने करतं. महिनाभरात आपल्या बदकाचं रोजचं पोट कसं असतं ते त्याला पाठ होतं, आणि काही बिघडलं तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत सापडतं.